मृत चेंडू आणि क्षुल्लक दोष : बास्केटबॉलच्या एका नियमवाक्याची चिकित्सा

खेळाच्या नियमपुस्तकाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे नाही. वास्तविक ज्या ग्रंथातील एका अव्ययावर सामन्याचा निकाल फिरू शकतो आणि ज्याचा अर्थ लावणाऱ्याला त्यासाठी अर्ध्या सेकंदाहून अधिक अवधी मिळत नाही, तो ग्रंथ भाषेच्या अभ्यासकाला उपेक्षणीय वाटण्याचे कारण नाही. मीमांसकांनी यज्ञविधीच्या वाक्यांचा जेवढ्या कसोशीने विचार केला, त्याच्या दशांशानेही आपण क्रीडाविधीच्या वाक्यांचा केलेला नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका वाक्याची चिकित्सा योजिली आहे.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमपुस्तकात तांत्रिक दोषाच्या प्रकरणात अनेक आवृत्त्यांतून चालत आलेले एक वाक्य आहे. त्याचा आशय असा : पंचाला ताकीद देऊन, किंवा क्षुल्लक दोष सोडूनही देऊन, तांत्रिक दोषाचा दंड टाळता येतो, मात्र तो दोष उघडच अजाणता घडलेला असावा, खेळावर त्याचा प्रत्यक्ष परिणाम झालेला नसावा, आणि ताकिदीनंतर त्याच दोषाची पुनरावृत्ती झालेली नसावी. वाक्य दिसावयास सरळ आहे. परंतु चेंडू ‘मृत’ असताना घडणाऱ्या लहानसहान आगळिकींना दंड केव्हा करावा व केव्हा करू नये, हा पंचांमधील नित्याचा वाद याच वाक्याच्या पोटात दडलेला आहे. बास्केट झाल्यावर जाळीतून पडलेला चेंडू हाताने दूर सारणे, बाहेरून चेंडू आत टाकणाऱ्यासमोर सीमारेषेपलीकडे हात काढणे, मुक्तफेकीच्या वेळी नेमल्या जागी जाण्यास रेंगाळणे, सदरा विजारीत न खोचणे, अशा या आगळिकी असतात.

हा प्रश्न पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात तपासण्यास दोन कारणे आहेत. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. 1970 साली येथे नगरपालिका व 1982 साली महानगरपालिका आली. आणि 2009 पासून चाकणला मोटारींचे परदेशी कारखाने सुरू झाले. या क्रमाने मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून, तसेच उत्तर व दक्षिण भारतातून माणसे येथे येत राहिली. अशा वस्तीत एकाच संघातील पाच खेळाडूंच्या मातृभाषा तीन-चार असाव्यात यात नवल नाही. ‘ताकीद’ हा भाषिक व्यवहार आहे. तो कोणत्या भाषेत व्हावा आणि झाला असे केव्हा समजावे, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक उरत नाही. दुसरे कारण असे की, क्षुल्लक दोष, ताकीद आणि पुनरावृत्ती ही त्रयी या पट्ट्यातील कामगाराला खेळाच्या मैदानाबाहेरही चांगली परिचित आहे. तिचा विचार पुढे येईलच.

प्रथम ‘मृत’ या शब्दाकडे पाहू. आपल्या देशी खेळांत मरतो तो खेळाडू. हुतूतूत गडी मरतो आणि जिवंत होतो. कबड्डीच्या जुन्या प्रकारांची संजीवनी, गामिनी आणि अमर ही नावेच या कल्पनेवर उभी आहेत. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा उठतो, गामिनीत उठत नाही, अमर प्रकारात तो बाद होऊनही मैदानात राहतो. बास्केटबॉलमध्ये खेळाडू कधीच मरत नाही; जीव असतो तो चेंडूला. चेंडू मेला म्हणजे त्याच्याशी करावयाची क्रिया थांबते, पण त्या वेळी दहाही खेळाडू मैदानात जिवंतच असतात आणि काही ना काही करीत असतात. सगळी गुंतागुंत येथून सुरू होते.

तीत भर पडते ती घड्याळाची. पंचाची शिटी वाजली की चेंडू मरतो व घड्याळही थांबते. परंतु चालू खेळात बास्केट झाले की चेंडू मरतो, घड्याळ मात्र चालू राहते. केवळ चौथ्या पावकाच्या व जादा डावाच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केटनंतर घड्याळ थांबविण्याचा नियम आहे. म्हणजे चेंडू मृत आणि काळ जिवंत, अशी एक संधिप्रकाशासारखी अवस्था सामन्यात वारंवार येते. ‘मृत चेंडूच्या वेळचा दोष तो किरकोळच’ असे जे सरसकट बोलले जाते, त्यात या अवस्थेचा विसर पडलेला असतो.

या अवस्थेला इतिहास आहे. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ रचला. त्यांचे तेरा नियम जानेवारी 1892 मध्ये छापले गेले. त्यांतील नवव्या नियमात बाहेर गेलेला चेंडू आत टाकणाऱ्यास पाच सेकंदांची मुदत दिली असून, त्याने मुदत ओलांडल्यास चेंडू प्रतिपक्षास द्यावा असे म्हटले आहे. पण त्याच नियमाच्या शेवटी, एखादा पक्ष विलंब करीतच राहिला तर त्यावर दोष लावावा, असेही सांगितले आहे. एकदा विलंब झाला तर केवळ चेंडू जातो. विलंबाचा परिपाठ ठेवला तर दोष लागतो. ‘करणे’ आणि ‘करीत राहणे’ यांतील भेद मराठी क्रियापदाला सहज दाखविता येतो, आणि हाच भेद नेस्मिथ यांनी पहिल्या दिवसापासून दंडाचा पाया म्हणून धरलेला दिसतो. आज जिला पंचांची ‘सवलत’ म्हणतात, ती मागाहून शिरलेली ढिलाई नसून मूळ रचनेचाच भाग आहे.

चेंडू सारण्याची आगळीक मात्र त्या काळी फायद्याची नव्हती. प्रत्येक बास्केटनंतर मध्यवर्तुळात चेंडू पुन्हा उडविला जाई. तेव्हा जाळीतून पडलेला चेंडू कोणी हाती घेतला याला महत्त्व नव्हते. 1937 साली अमेरिकेत ही मध्योडी बंद झाली आणि बास्केट खाल्लेल्या पक्षाने टोपलीमागून चेंडू आत टाकावा असे ठरले. त्यामुळे खेळ वेगवान झाला, आणि त्याच क्षणी तो वेग मोडण्याची एक नवी युक्तीही जन्माला आली. दोषाची उत्पत्ती नियमाच्या सुधारणेतून होते याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

आता ‘परिणाम झालेला नसावा’ या अटीचा कस लावून पाहावयास हवा. दुसऱ्या पावकात पाच मिनिटे उरली असताना ‘अ’ संघाच्या खेळाडूने बास्केट केले व जाता जाता चेंडू दोन हात दूर सारला. ‘ब’ संघाचे काय गेले? आक्रमणाचे चोवीस सेकंद गेले नाहीत. कारण ते घड्याळ आत टाकलेल्या चेंडूला मैदानातील खेळाडूचा स्पर्श झाल्यावर सुरू होते. चेंडू आत टाकण्याचे पाच सेकंदही गेले नाहीत. ते चेंडू हाती आल्यावर मोजावयाचे. गेली ती सामन्याची दोन-तीन सेकंदे आणि धावत्या आक्रमणाची संधी. ‘ब’ संघ तसा वेगाने खेळणारा नसेल तर ही हानी नाममात्र आहे. येथे ताकीद पुरेशी आहे. हीच कृती चौथ्या पावकाच्या अखेरच्या मिनिटात घडली तर घड्याळ थांबलेले असल्यामुळे वेळेची हानी शून्य. परंतु ‘अ’ संघाला बचावाची फळी लावण्यास जो श्वास मिळाला, तो त्या क्षणी सर्वांत मोलाचा असतो. याउलट तिसऱ्या पावकात चार सेकंद उरली असताना ती घडली तर घड्याळ चालूच राहते आणि ‘ब’ संघाचे शेवटचे आक्रमण समूळ नाहीसे होते. ज्याच्यापासून फायदा पूर्ण पदरात पडून गेला, त्याला ‘पुन्हा असे करू नकोस’ असे सांगणे म्हणजे चोरलेल्या आंब्याची कोय परत घेण्यासारखे आहे. वाद घालणारे बहुधा अखेरच्या दोन मिनिटांविषयी घालतात. पहिल्या तीन पावकांच्या शेवटच्या काही सेकंदांकडे कोणाचे लक्ष नसते, आणि चतुर खेळाडूला हे ठाऊक असते. हात, चेंडू आणि दोन हात अंतर तिन्ही प्रसंगी तेच आहे. तेव्हा ‘क्षुल्लक’ हे विशेषण कृतीचे नसून प्रसंगाचे आहे, असे म्हणावे लागते.

या विशेषणाचा मराठी पर्याय निवडतानाही सावधगिरी हवी. ‘किरकोळ’ हा शब्द बाजारातला. ठोक नव्हे ते किरकोळ. त्यात सुटे सुटे असण्याचा अर्थ आहे, आणि किरकोळीची बेरीज ठोकाएवढी होते हेही त्यातच गृहीत आहे. ‘क्षुल्लक’ हा ‘क्षुद्र’चाच प्राकृत वळणाने आलेला भाऊ, त्यात तुच्छतेची छटा आहे. (कोल्हापूर-सांगलीकडील जैन समाजात ‘क्षुल्लक’ हे व्रतस्थ साधकाचे आदरार्थी पद आहे, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही, शब्दांचे दैव असे विचित्र असते.) ‘गौण’ हा शब्द शास्त्रकारांचा, मुख्याच्या अपेक्षेने जे दुय्यम ते गौण. नियमाचा अभिप्राय पाहता ‘गौण’ हाच अधिक काटेकोर ठरावा, परंतु मैदानावर तो रुळणार नाही.

त्याहून मोठी अडचण ‘सोडून देणे’ या क्रियेची आहे. ‘दुर्लक्ष करणे’ म्हणावे तर पंचाने पाहिलेच नाही असा अर्थ होऊ शकतो. ‘कानाडोळा करणे’ म्हणावे तर पंचावरच ठपका येतो. ‘क्षमा करणे’ म्हणावे तर पंच न्यायासनावरून उठून देव्हाऱ्यात जाऊन बसतो. मैदानावरील बोलीने हा गुंता आपल्या परीने सोडविलेला आहे. खेळाडू फाउल ‘करतो’, पंच तो ‘धरतो’ किंवा ‘देतो’. आणि धरलेलेच ‘सोडता’ येते. ‘सोडला’ या एका शब्दात पंचाने पाहिले, ओळखले आणि मग हात सैल केला, एवढे सगळे येते. कोशकारांनी हा शब्द खेळाडूंकडून घ्यावा.

यापुढचा दोष मात्र अनुवादाचा नसून मूळ वाक्याचाच आहे. त्यात ‘ताकीद देऊन’ आणि ‘क्षुल्लक दोष सोडूनही देऊन’ असे दोन मार्ग सांगितल्यावर ज्या अटी येतात, त्या दोन्ही मार्गांना लागू की केवळ दुसऱ्याला? मूळ इंग्रजीत संबंधी उपवाक्य शेवटी लोंबकळत असल्याने दोन्ही अन्वय संभवतात. पहिला अन्वय घेतला तर जाणूनबुजून चेंडू सारणाऱ्याला ताकीदही देता येणार नाही, त्याला थेट दंडच करावा लागेल. आणि महासंघाच्या अधिकृत विवरणांतील ताकिदीची प्रथा तर नेमकी अशाच जाणूनबुजून केलेल्या विलंबासाठी आहे. तेव्हा दुसरा अन्वयच ग्राह्य होय : ताकीद कोणत्याही विलंबास देता येईल, पण निमूटपणे सोडून देण्यास मात्र अटी आहेत. व्यवहारात पंच या अटींतील ‘आणि’ला ‘किंवा’ समजतात असे दिसते. दोष अजाणता घडला म्हणून सोडला, किंवा परिणाम झाला नाही म्हणून सोडला, असे ते सांगतात. व्याकरणात उत्सर्गापेक्षा अपवाद बलवान मानला आहे हे खरे. परंतु म्हणूनच अपवादाचे क्षेत्र आखून दिलेल्या रेषेच्या बाहेर जाऊ द्यावयाचे नसते.

पुनरावृत्तीच्या अटीत आणखी एक पेच आहे. पुनरावृत्ती मोजावयाची ती ताकिदीनंतरची. जो दोष पंचाने मौनाने सोडला, त्याची ताकीद कधी झालीच नाही. मग तो चौथ्यांदा घडला तरी नियमाच्या दृष्टीने पहिलाच. मौनाला स्मृती नसते. पहिल्या पावकात औदार्य दाखविणारा पंच चौथ्या पावकात कोंडीत सापडतो तो यामुळे : दंड करावा तर ‘इतका वेळ चालले ते आता का नाही’ हा प्रश्न येतो, आणि न करावा तर सामना हातचा जातो. यावर उपाय एकच, पहिल्याच वेळी बोलणे. चेंडू जिवंत असताना पंचाला शिटीखेरीज भाषा नसते. चेंडू मृत असतानाचा काळ हाच त्याच्या बोलण्याचा काळ आहे. म्हणून मृत चेंडूच्या वेळच्या दोषाला प्रथम शब्दाने आणि मग दंडाने उत्तर देणे, ही पंचांची मवाळी नसून त्या वेळेचा स्वाभाविक उपयोग आहे.

पण शब्द पोहोचला पाहिजे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ ऑस्टिन यांनी 1955 च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत, जी 1962 साली ग्रंथरूपाने आली, बोलणे हेच करणे असते अशा उक्तींचा विचार मांडला. ताकीद ही तशीच उक्ती आहे, आणि ती ऐकणाऱ्याने ताकीद म्हणून ग्रहण केल्याखेरीज सिद्ध होत नाही. भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या मैदानावर मराठी पंच ‘बॉल सोड रे’ असे म्हणाला, तर ओडिशाहून आलेल्या खेळाडूला तो सल्ला, विनंती की औपचारिक ताकीद हे कसे कळावे? मराठी भाषकालाही ‘रे’मधील जवळिकीमुळे ती ताकीद वाटणार नाही. आपल्या भाषेत तर अडचण दुहेरी आहे. मोठ्या खेळाडूस लहान पंचाने ‘अहो’ म्हणावे की ‘अरे’, यावर त्या वाक्याचे वजन ठरते, आणि ‘अहो, जरा चेंडू सोडता का’ या वाक्याला कोणीही ताकीद म्हणणार नाही. विवरणांनी ताकीद प्रशिक्षकालाही कळवावी आणि ती साऱ्या संघाला लागू समजावी असे ठरविले आहे. ही कार्यालयीन कटकट नव्हे; उक्ती सिद्ध होण्याची ती अट आहे.

याहून उत्तम तोड नियमपुस्तकातच दुसऱ्या ठिकाणी सापडते. चौथ्या पावकाच्या व जादा डावाच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू आत टाकण्यापूर्वी पंचाने सीमारेषा न ओलांडण्याची खूण हाताने करावयाची असते, आणि त्यानंतर बचावपटूने रेषेपलीकडे अंग काढून अडथळा केला तर थेट तांत्रिक दोष लागतो. येथे ताकीद आधी येते, सर्वांना येते, आणि तिला भाषा लागत नाही. पंचाच्या स्वभावावर काही अवलंबून राहत नाही. विलंबाच्या दोषासाठी असा संकेत प्रत्येक पावकाच्या अखेरच्या क्षणांत का नसावा, याचे समाधानकारक उत्तर नियमपुस्तकात मिळत नाही.

आता कारखान्याकडे वळू. 1946 च्या औद्योगिक नोकरी (स्थायी आदेश) कायद्याखाली जे आदर्श स्थायी आदेश तयार झाले, त्यांत गैरवर्तनाची यादी होती. चोरी, अफरातफर, हेतुपुरस्सर अवज्ञा ही एकदा घडली तरी गैरवर्तन. परंतु उशिरा येणे, कामात हयगय करणे, लागू असलेल्या कायद्याचा भंग करणे यांच्यामागे ‘सवयीने’ हा शब्द जोडलेला होता. नेस्मिथ यांचे ‘करीत राहणे’ आणि या आदेशांतील ‘सवयीने’ यांचे नाते उघड आहे. पाळीचा भोंगा झाल्यावर दोन मिनिटांनी फाटकातून आत येणारा मनुष्य आणि बास्केटनंतर चेंडू दोन क्षण हातात ठेवणारा खेळाडू यांना एकाच तत्त्वाने तोलले जाते. फरक आहे तो नोंदीचा. कारखान्यात ‘सवय’ सिद्ध करण्यासाठी हजेरीपट व ताकीदपत्रे असतात. मैदानावर चाळीस मिनिटांत सवय जडते आणि तिचा पुरावा पंचाच्या आठवणीत राहतो. ज्या माणसाने दिवसभर लेखी ताकिदीच्या जगात काम केले आहे, त्याला संध्याकाळी तोंडी, अर्धवट, एकाला दिलेली व दुसऱ्याला न दिलेली ताकीद अन्यायाची वाटली, तर तो अडाणीपणा म्हणता येणार नाही.

‘नियम तो नियम’ म्हणणारा पक्ष येथे आपले म्हणणे पुढे करतो : तारतम्य आले की पक्षपात आला, मग सरसकट दंडच का नको? या आक्षेपात तथ्य आहे, पण दंडाचे माप त्यात विसरले जाते. तांत्रिक दोषाबद्दल प्रतिपक्षाला एक मुक्तफेक मिळते; तो खेळाडूच्या व संघाच्या दोषसंख्येत धरला जातो; आणि त्याच खेळाडूवर दुसरा तांत्रिक दोष लागला तर त्याला सामना सोडावा लागतो. सदरा बाहेर राहिला म्हणून एवढे व्हावे असे कोणी म्हणणार नाही. खो-खोकडे पाहिले तर वेगळीच वाट दिसते. 1914 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने ज्या खेळाचे नियम बांधण्यास आरंभ झाला, त्यात आक्रमकाने दिशेचा नियम मोडला तर पंच त्याला उलट फिरून ती चूक निस्तरावयास लावतो; मधल्या काळात कोणी बाद झाला तर तो बाद धरला जात नाही. खेळ थांबत नाही, दंडाची मुक्तफेक नाही. जेवढे अनुचित मिळविले तेवढेच परत द्यावयाचे. चेंडू नसल्याने त्या खेळात मृत काळच नाही आणि म्हणून त्या काळातले दोषही नाहीत. बास्केटबॉलला ही सोय नाही, कारण गेलेली चार सेकंदे उलट फिरून परत देता येत नाहीत. निदान घड्याळात ती पुन्हा भरून देण्याचा विचार नियमकारांनी करावयास हरकत नव्हती.

शेवटी वाक्याच्या मराठी रूपाविषयी. ‘पंचाने ताकीद द्यावी’ असे लिहिणे सोयीचे, पण घातक आहे. विध्यर्थातील ‘-आवा’ कर्तव्य सांगतो, उपदेश करतो, इच्छाही दाखवितो. ‘तो आला असावा’मध्ये तर तो निव्वळ तर्क करतो. राज्याच्या विधिविषयक मराठीने हा धोका ओळखून बंधनासाठी ‘करील’ आणि मुभेसाठी ‘करता येईल’ अशी वाटणी केली आहे. ती येथेही पाळणे इष्ट. शिवाय मराठीत संबंधी उपवाक्य ‘जो-तो’च्या जोडीने येत असल्यामुळे इंग्रजीतील लोंबकळणारा अन्वय मराठीत तसाच ठेवताच येत नाही, अनुवादकाला निर्णय घ्यावाच लागतो. वर स्वीकारलेल्या अन्वयानुसार ते वाक्य असे होईल : ‘तांत्रिक दोषाचा दंड टाळण्यासाठी पंचास ताकीद देता येईल. जो क्षुल्लक दोष उघडच अजाणता घडला असेल व ज्याचा खेळावर प्रत्यक्ष परिणाम झाला नसेल, तो त्यास ताकीद न देता सोडूनही देता येईल. ताकिदीनंतर तोच दोष पुन्हा घडल्यास पंच दंड करील.’ यातील ‘तोच दोष’ कोणाचा, त्याच खेळाडूचा की त्याच्या संघातील कोणाचाही, हे मूळ वाक्य सांगत नाही, विवरण सांगते. तेव्हा ‘पुन्हा’च्या आधी ‘त्याच संघाकडून’ हे दोन शब्द घालावे लागतील.